चमत्काराची परीक्षा

नातवाच्या आग्रहावरून मीं ‘व्हॅटिकन मिरॅकल एक्झामिनर’ ही २०१७ सालची जपानी चित्रमालिका पाहिली. ती फुजिकी रिन यांच्या कादंबऱ्यांवर आधारलेली आहे. हिरागा हा शास्त्रज्ञ व रोबेर्तो हा प्राचीन लिपींचा जाणकार. हे दोघे पाद्री चमत्कारांची चौकशी करितात. श्रद्धावंतांनींच शंका घ्यावी, हा तिचा मोठा गुण. परंतु कथानक घाईनें उरकलेलें, आणि कारस्थानांच्या गर्दींत युक्तिवाद गुदमरतो. तरीही मी खजील झालों. न्यायशास्त्राच्या सोळा पदार्थांत संशयाला स्थान आहे, हें ठाऊक असूनही, पुराणांतील चमत्काराविषयीं विचारणाऱ्या एका विद्यार्थ्यास मीं बाकावर उभें केलें होतें. शंका म्हणजे अश्रद्धा नव्हे, हें उमजावयास मला साठी उलटावी लागली.