झील धरणारा माणूस

तमाशाच्या फडात पुढं उभं राहणाऱ्याला सगळे ओळखतात. नाचणारणीला ओळखतात, सोंगाड्याला ओळखतात, ढोलकीवाल्याला तर डोक्यावर घेतात. पण त्यांच्या मागं दोन-तीन माणसं उभी असायची. डोक्याला फेटा, एकाच्या हातात तुणतुणं, दुसऱ्याच्या हातात झांज. पुढच्यानं गाण्याची ओळ म्हटली की तिचं शेपूट ही माणसं वरच्या सुरात उचलायची आणि लांबवत न्यायची. त्यांना सुरते म्हणतात, आणि त्यांच्या त्या कामाला झील धरणं म्हणतात. गेल्या काही वर्षांत आमच्या भागातल्या जत्रांमधून हा माणूस दिसेनासा झाला. तो कुठं गेला, का गेला, एवढंच मला सांगायचं आहे.

माझ्या बांधाला बांध लागून ज्यांचं दीड एकर रान आहे ते नाना चाळीस वर्षं एका फडात सुरते होते. दसऱ्याला घरातनं निघायचे ते बुद्ध पौर्णिमा झाली की परत. पावसाळा गावात काढायचे, दुसऱ्याच्या रानात रोजानं जायचे. लहानपणी मला वाटायचं, झील ही नुसती शोभेची गोष्ट. बाई गाते, मागचे ओरडतात. पुढं एकदा कांदा काढताना नानांनीच सांगितलं.

"आरं, ती पायात चाळ बांधून नाचती. गिरकी घेती, आन् वर गानं म्हनती. दम पुरंल का तिला? वळ संपायच्या आदीच दम तुटतो. तितं आमी सूर घालायचा. तेवढ्यात तिनं श्वास घ्यायचा. लोकांला वाटतं, गानं चालूच हाये."

म्हणजे झील धरणारा हा टेकू होता. कुठं दम तुटणार हे त्याला बाईच्या पाठीवरून कळायचं. तोंड तर त्याला दिसतच नाही, तो मागं उभा. नाना म्हणायचे, खांदा वर आला की समजायचं, आता आपली पाळी. काही बायांचा दम मोठा, त्यांना शेवटच्या दोन अक्षरांना हात दिला तरी भागायचं. काहींची अर्धी ओळ उचलावी लागायची. आणि एखादीला घरनं वाईट बातमी आलेली असली तर सबंध गाणं मागच्यांनी ओढून न्यायचं. हे सगळं समोर बसलेल्या पाच हजार माणसांना कळता कामा नये, ही त्यात अट.

आमच्याकडं जत्रा चैत्रात. पाडव्याच्या सुमाराला नारायणगावात फडांच्या राहुट्या पडतात. गावोगावच्या यात्रा कमिट्या तिथं जाऊन सुपारी ठरवतात. मी लहान होतो तेव्हा तमाशा रात्री सुरू व्हायचा आणि कोंबडं आरवलं तरी वग संपलेला नसायचा. आधी ढोलकी आणि हलगी नुसतीच बोलायची, मग गण, मग गवळण, मग बतावणी, मग रंगबाजी, शेवटी वग. सगळं तोंडानं. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर हे नाव आमच्या घरात देवासारखं घेतलं जायचं. ती बाई गायची, नाचायची आणि वगात कामही करायची, तिन्ही एकाच रात्रीत. १९५७ आणि १९९० साली तिला राष्ट्रपतींच्या हस्ते गौरवलं, हे आमचे लोक स्वतःच्या लेकीचं कौतुक सांगावं तसं सांगतात.

१९७२ साली 'पिंजरा' आला. तेच दुष्काळाचं साल. दिवसभर बाया-माणसं खडी फोडायला आणि रात्री ज्याच्या घरी रेडिओ त्याच्या अंगणात. पडद्यावर संध्या नाचते आणि गळा उषा मंगेशकरांचा, हे आम्हाला ठाऊक होतं आणि त्याचं कुणाला काही वाटत नव्हतं. सिनेमात सुरुवातीला तसं नव्हतं म्हणा. मराठीतला पहिला बोलपट 'अयोध्येचा राजा', साल १९३२. त्यात गोविंदराव टेंबे, दुर्गा खोटे ही मंडळी स्वतःच गायली. नंतर ओठ एकाचे आणि गळा दुसऱ्याचा अशी वाटणी झाली. ती वाटणी सिनेमाला शोभते, कारण तिथं नट आपल्यासमोर नसतोच. तुम्ही टाळी वाजवा, शिट्टी मारा, पडद्याला त्याचा पत्ता नाही.

पण फडातली बाई 'पिंजरा'तलं गाणं म्हणायची तेव्हा त्याचं दुसरंच काहीतरी व्हायचं. चाल तीच, शब्द तेच, पण तिच्या गळ्याला जिथं चढ सोसत नाही तिथं ती वळसा घ्यायची. पुढं बसलेल्यानं फेटा उडवला की तीच ओळ परत. कुणी पाटील उठून बाहेर निघाला की त्याला ओळीतच टोमणा. संगीतबारीत तर हीच मोठी विद्या. यमुनाबाई वाईकर बसून लावणी गायच्या. एकच ओळ पुन्हा पुन्हा घ्यायच्या आणि दर खेपेला हाताची, डोळ्याची अदा वेगळी, म्हणून अर्थ वेगळा. त्यांना २०१२ साली पद्मश्री मिळाली. शहरातल्या संगीत नाटकाचंही तेच. किर्लोस्करांच्या १८८० सालच्या 'शाकुंतला'पासून नट उभा राहून स्वतः पद म्हणायचा आणि लोकांनी वन्समोअर दिला की पुन्हा म्हणायचा. मशिनीतली ओळ जेवढी भरली तेवढीच येते. तिला वन्समोअर ऐकू येत नाही.

मग हे मशीन फडात आलं कसं? लोक म्हणतात, फडमालकांना पैशाची हाव सुटली. नाना तसं म्हणत नाहीत. त्यांच्या फडात ते पहिल्यांदा आलं ते आजारपणात. ऐन चैत्र, रोज नवं गाव, दिवसा ट्रकमध्ये झोप आणि रात्री गाणं. एका पोरीचा गळा असा बसला की बोलणंसुद्धा निघेना. अंगात ताप. सुपारी घेतलेली, माणसं येऊन बसलेली. मॅनेजरनं बाजारातली कॅसेट आणली, पडद्यामागं लावली आणि पोरीला सांगितलं, नुसते ओठ हालव. नाना सांगत होते, "त्या रातीला आमी समद्यांनी त्या कॅशिटीला हात जोडलं. पोरगी वाचली."

हे औषध म्हणून आलं आणि मग रोजचं जेवण झालं. आधी रंगबाजीतलं एखादं गाणं, मग सगळी सिनेमाची गाणी. कॅसेट गेली, सीडी आली, आता पेन ड्राइव्ह. त्यात दोन तऱ्हा आहेत. एका ट्रॅकमध्ये नुसती वाद्यं असतात, गाणारा वरून खरंच गातो. दुसऱ्यात गाण्यासकट सगळं भरलेलं असतं, माइक हातात धरून फक्त तोंड उघडायचं. पहिल्या तऱ्हेनं पेटीवाला आणि क्लॅरिओनेटवाला घरी गेला. दुसरीनं गाणारीच घरी गेली, मागं नाचणारी राहिली. सुरते तर दोन्ही तऱ्हांत नकोत. भरलेल्या गाण्यात दम तुटतच नाही, मग टेकू कशाला?

कायद्याचाही त्यात हात आहे. २००० सालच्या ध्वनिप्रदूषणाच्या नियमांनी रात्री दहानंतर उघड्यावर कर्णा बंद. काही दिवसांपुरती बारापर्यंत सवलत मिळते. नियम वाईट आहे असं मी म्हणणार नाही, गावात म्हातारी माणसं आणि परीक्षेची पोरं असतात. पण रातभराचा तमाशा दोन-तीन तासांत बसवायचा म्हटल्यावर काय कापायचं? वग कापला, बतावणी कापली, गण उरकला. ढोलकीची शाई जुळवत बसायलाही वेळ नाही. पेन ड्राइव्ह लावला की गाणं त्याच क्षणी सुरू. वर २०२० आणि २०२१ असे लागोपाठ दोन चैत्र करोनात कोरडे गेले. तेव्हा जे वाजवणारे-गाणारे वॉचमन झाले, भाजी विकायला बसले, त्यातले बरेच परत आलेच नाहीत.

आणि आपण तरी कुणाला नावं ठेवायची? मी बैल विकून ट्रॅक्टर घेतलेला माणूस. माझी आई पहाटे जात्यावर बसून ओव्या म्हणायची. गावात गिरणी आली, तिचे हात सुटले, त्याचा मला आनंदच आहे. पण ओवी पुन्हा तिच्या तोंडून आली नाही. वडील मोट हाकताना गायचे. विहिरीवर इंजिन बसलं आणि नंतर मोटर आली, गाणं बंद. कापणीला भलरी म्हणायचे, आता हार्वेस्टर येतो. मशीन आमचं काम घेऊन गेलं आणि जाताना गळाही घेऊन गेलं. गहू कुणी कापला हे भाकरीला कळत नाही, म्हणून त्यात माझी तक्रार नाही. पण सबंध वर्षात गावानं समोरासमोर बसून माणसाचं गाणं ऐकायची जी एक रात्र उरली होती, ती हीच, जत्रेची.

गेल्या साली कमिटीच्या बैठकीला मारुतीच्या पारावर आम्ही पंधरा-वीस जण होतो. तरुण पोरांचं म्हणणं, यंदा तमाशा नको, नाचाचा कार्यक्रम आणू. एक जण मला म्हणाला, "आण्णा, गानं पिक्चरमधल्यासारखं पायजे. फडातल्या बाया बेसूर गात्यात." पोरगं खोटं बोलत नव्हतं. त्यानं जन्मापासून मोबाइलमधलं धुऊन-पुसून आलेलं गाणं ऐकलंय. माणसाचा गळा मध्येच खरवडला की त्याला तो बिघाड वाटतो. मी म्हटलं, "बाबा, तुझं ट्रॅकचं गाणं ठेव. रंगबाजी सगळी ट्रॅकवर होऊ दे. पण गण, गवळण आणि सकाळची हजेरी तोंडानं झाली पाहिजे. तेवढं सुपारीच्या कागदावर लिहून घेऊ."

हजेरी म्हणजे, जत्रेच्या दुसऱ्या दिवशी सकाळी फड देवळासमोर येतो आणि देवापुढं गातो. तिथं स्टेज नाही, पडदा नाही. जमीन आणि सतरंजी.

नारायणगावात राहुटीवर गेलो. मॅनेजरनं कागद वाचला आणि पेन खाली ठेवलं. म्हणाला, "मालक, तोंडानं म्हंजी मला पाच मानसं जास्तीची आनावी लागत्यात. पेटीवाला, तुनतुनंवाला, कडंवाला, दोन सुरते. त्येंचा रोज, जेवान, गाडीतली जागा. कोन भरनार?" तो भांडत नव्हता, हिशेब सांगत होता. आम्ही आतषबाजीचे पैसे कमी केले आणि तिकडं वळवले. पोरं दोन दिवस माझ्याशी बोलली नाहीत. मॅनेजरनं तिथंच चार ठिकाणी फोन लावले. पेटीवाला मिळाला, तुणतुणंवाला, कडंवाला मिळाला, एक सुरत्या मिळाला. दुसरा काही मिळेना. मी म्हटलं, आमच्या गावात एक आहे.

नाना आता सत्तरी ओलांडून गेलेले. मी त्यांना विचारलं तर म्हणाले, "दात पडलं की रं माजं." मग थोड्या वेळानं स्वतःच म्हणाले, "पन झील काय दातानं धरत्यात व्हय?"

रात्रीचा कार्यक्रम झाला. गण-गवळणीला पोरं मागं उभी राहून चुळबुळत होती, ट्रॅकच्या गाण्यांना नाचली. ते व्हायचंच होतं. सकाळी हजेरीला मात्र माणूस थोडं, ऐंशी-नव्वद जण, त्यात म्हाताऱ्या बाया जास्त. गाणारी पोरगी वीस-बावीस वर्षांची. आवाज चांगला, पण ट्रॅकवर ओठ हालवायची सवय लागलेली. कर्णा नाही, पडदा नाही, समोर देव आणि पाच हातांवर माणसं. पहिली ओळ निघाली. दुसऱ्या ओळीला तिनं वरचा सूर घेतला आणि मधेच तिचा दम गेला.

मी नानांकडं बघत होतो. त्यांनी तिच्या खांद्याकडं बघितलं, एक पाऊल पुढं टाकलं आणि ओळ उचलली. आवाज फुटका होता, दात नसल्यानं शब्द घसरत होते, पण सूर जागेवर होता. दुसरा सुरत्या त्यात मिसळला. पोरीनं श्वास घेतला आणि तिसऱ्या ओळीला ती परत पुढं आली. आता तिला कळलं होतं की मागं कुणीतरी आहे. पुढच्या ओळी तिनं मोकळ्या गळ्यानं घेतल्या, एक तर तिनं आपण होऊन दोनदा म्हटली.

माझ्या शेजारी बसलेली म्हातारी म्हणाली, "काय गळा हाये पोरीचा!" मी मान हालवली. नानांचं नाव काढलं नाही. त्यांच्या कामाची तीच रीत आहे.

यंदाच्या सुपारीच्या कागदावरही ती अट घातली आहे. नानांनी दोन पोरांना रोज संध्याकाळी ओट्यावर बसवायला सुरुवात केली आहे. त्यातला एक, ज्यानं बैठकीत बेसुराची तक्रार केली होती, तोच. त्याचा सूर अजून लागत नाही. पण खांदा कधी वर येतो, एवढं त्याला बघता यायला लागलंय.