दहाची पेज

लहान मुलांनी सकाळी किती खावं? प्रश्न ऐकायला साधा वाटतो. पण ज्या घरात चार-पाच वर्षांचं मूल आहे, त्या घरात सकाळी सात वाजता जाऊन बसा. कुणी म्हणतं पोर काहीच खात नाही, कुणी म्हणतं उगाच कोंबू नका, आणि ज्याच्या पोटाचा हा विषय आहे ते पोर खुर्चीवर उलटं बसून पाय हलवत असतं. आपल्या अंकात कविता येतात, समीक्षा येते, प्रवासवर्णनं येतात. न्याहारीवर कुणी लिहिलेलं मला आठवत नाही, म्हणून म्हटलं आपणच लिहूया.

आमचं गाव पेडणे तालुक्यातलं. घरात कोंकणी बोलतो, रात्रीचा तेर्सही कोंकणीतून. पण आई गावच्या मराठी प्राथमिक शाळेत शिकली, मीही तिथेच, त्यामुळे वाचायची सवय लागली ती मराठीची. माझी मोठी बहीण मोपाच्या विमानतळावर कामाला आहे. जानेवारी २०२३ मध्ये तिथून विमानं उडायला लागली आणि आमच्या भागातल्या बऱ्याच घरांचं घड्याळ बदललं. तिची पहिली शिफ्ट असली की ती पाचच्या आत घर सोडते. भावोजी बोटीवर. त्यामुळे माझा साडेचार वर्षांचा भाचा आमच्याकडेच असतो आणि त्याची न्याहारी असते आजीच्या हातात. आम्ही तिला व्हडली मांय म्हणतो.

शाळा आठला, बस साडेसातला. पोदेराच्या सायकलीचा भोंगा वाजला की भाच्याला उठवायचं, तोंड धुवायचं आणि सातला ताटासमोर बसवायचं. गेल्या तपासणीत डॉक्टरांनी त्याचं वजन थोडं कमी असल्याचं सांगितलं होतं. त्या एका वाक्याने घर ढवळून निघालं. बहीण कामावरून सव्वासातला फोन करायची आणि पहिला प्रश्न विचारायची, "किती खाल्लं?" इकडे व्हडली मांय, "आनीक एक घांस, बाबा." तो सांगायचा, "पोट भरलें." हे वाक्य मात्र कुणी मोजत नव्हतं. मग समोर मोबाईल आला. कार्टून लावलं की तोंड आपोआप उघडायचं आणि ताट रिकामं व्हायचं. दोनदा तो बसमध्ये ओकला. तिसऱ्या आठवड्यात त्याने सकाळी उठतानाच रडायला सुरुवात केली. बहीण फोनवर म्हणाली, "मांये, तू त्याला मोबाईल दाखवून भरवतेस." मांय म्हणाली, "तुला कुणी वाढवली?" आणि तीन दिवस दोघींचं बोलणं बंद.

मला दोघींचीही बाजू कळत होती, पण मांयची समजायला थोडं मागे जावं लागतं. तिचा जन्म १९४७ चा, मुंडकाराच्या घरातला. गोव्याला तेव्हाही तांदूळ बाहेरून आणावा लागे, आणि ती लहान असतानाच, १९५० च्या दशकात, भारताने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली. त्या दिवसांतली पेज तिला आठवते. मडकं एक, माणसं सात. शेतावर जाणाऱ्यांच्या वाट्याला शितं जास्त, पोरांच्या वाट्याला निवळ. कुणी किती खायचं हे भूक ठरवत नव्हती, मडकं ठरवायचं. आयतवारी तर मिसाआधी काहीच नाही. तेव्हाच्या नियमाप्रमाणे कुमगार घेणाऱ्याने मध्यरात्रीपासून उपाशी राहायचं असे. १९५७ मध्ये तो काळ तीन तासांवर आला आणि १९६४ मध्ये एका तासावर. त्यामुळे पहिली कुमगार झालेली आठ-नऊ वर्षांची पोरं रिकाम्या पोटी चर्चपर्यंत चालत जायची. आज चर्चच्या नियमात उपवासाचं बंधन अठरा वर्षं पूर्ण झाल्यावर लागतं, मुलांना ते नाहीच. पण मांयच्या अंगात ती जुनी सकाळ अजून आहे. ताटात उरलेला घास तिला भरलेल्या पोटाची खूण वाटत नाही. तिला वाटतं काहीतरी वाया चाललं आहे.

बहिणीची भीती वेगळी. ती घरी नसते, म्हणून तिला आकडा हवा असतो. किती घास, किती दूध, किती किलो. दूर असलेल्या आईला आकड्याने धीर येतो.

या भांडणाच्या काळात मी थोडं वाचलं. पहिली गोष्ट कळली ती ही की जन्माच्या वेळचं वजन पहिल्या वर्षात साधारण तिप्पट होतं आणि दोन वर्षांनंतर मूल वर्षाला जेमतेम दोन किलोने वाढतं. म्हणजे चार वर्षांच्या मुलाची भूक बाळपणाच्या मानाने मंदावणारच. आपण म्हणतो, "आधी किती छान खायचा." आधी तो वाढतही तसाच होता.

दुसरी गोष्ट अमेरिकेतली. १९२६ च्या सुमारास क्लारा डेव्हिस नावाच्या डॉक्टरबाईंनी नुकतंच दूध सोडलेल्या बाळांवर एक प्रयोग सुरू केला. पुढे मुलांची संख्या पंधरापर्यंत गेली. समोर तीसहून अधिक साधे पदार्थ असत. धान्य, अंडी, मांस, फळं, भाज्या, दूध. नर्सने काही सुचवायचं नाही, मूल हात करील तेच भरवायचं. मुलांचं खाणं दिवसागणिक अगदी विचित्र दिसे, पण ती धडधाकट वाढली. डेव्हिस यांनी स्वतःच स्पष्ट केलं की यातली खरी युक्ती पदार्थांच्या यादीत होती. त्या यादीत ना साखर होती, ना डब्यातला खाऊ. यादी मोठ्यांनी केली होती, माप मुलांनी.

तिसरी गोष्ट १९९१ ची. लीअन बर्च आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दोन ते पाच वर्षांच्या पंधरा मुलांचं सहा दिवसांचं खाणं मोजलं. एकेका जेवणात पुष्कळ चढउतार होता, पण दिवसाची बेरीज बऱ्यापैकी स्थिर होती. सकाळी कमी खाल्लेलं मूल दुपारी भरून काढत होतं. एलिन सॅटर या आहारतज्ज्ञांनी हाच विचार पालकांसाठी नियमासारखा मांडला आहे: काय, केव्हा आणि कुठे हे मोठ्यांनी ठरवावं, खायचं की नाही आणि किती हे मुलाने.

हे मी आईला वाचून दाखवलं. ती भाजी चिरत होती. म्हणाली, "मग पेजेचं तेच होतं की."

आणि मला ते एकदम पटलं. आपल्याकडे सकाळी उठल्याउठल्या पोटभर खायची पद्धत फारशी नव्हतीच. आमच्या घरी चहा आणि पोदेराकडचा उंडा किंवा पोई, तीही अर्धी. खरं खाणं दहा-अकराला, उकड्या तांदळाची पेज, सोबत मिठातली तोरं किंवा भाजलेला सुका बांगडा. अंगमेहनतीचे दोन-तीन तास झालेले असायचे, भूक लागलेली असायची. शाळेची घंटा आठला वाजायला लागली आणि दहाची पेज मुलांच्या दिवसातून निघून गेली. आता दहाची भूक आपण साताला भागवायला बघतो. पोट अजून जागं झालेलं नसतं, बस दारात उभी असते आणि मग हातात मोबाईल येतो. आमच्या घरात आम्ही "किती" यावर भांडत होतो, पण अडलं होतं "केव्हा" यावर.

इथवर सगळं सोपं आहे, कारण आमच्या मडक्यात पेज आहे. मुलाने किती खायचं ते मुलाला ठरवू द्या, हे सांगायला मागे भरलेलं मडकं लागतं. गेल्या वर्षी एनएसएसच्या शिबिरासाठी आम्ही सात दिवस डिचोली तालुक्यातल्या एका गावात होतो. सकाळी दोघी-दोघींनी अंगणवाडीत मदतीला जायचं. तिथे चारेक वर्षांची एक मुलगी यायची. घरून कोरा चहा आणि दोन बिस्किटं एवढंच पोटात घालून. खिचडीची पहिली वाटी ती कुणाशी न बोलता संपवायची. दुसरी मागायची. तिसरी अर्धी झाल्यावर बोलायला लागायची. सेविका मला म्हणाल्या, "पहिली वाटी सगळीच खातात गो. दुसरी कोण मागतं ते बघायचं. त्याच्यावरून घर कळतं." लोहखनिजाच्या खाणी २०१२ मध्ये आणि पुन्हा २०१८ मध्ये थांबल्या, तेव्हा डिचोलीतल्या ट्रकवर जगणाऱ्या घरांवर काय आलं ते आपण ऐकून आहोत. त्या दिवसांत दुसरी वाटी मागणारी पोरं वाढली होती, एवढंच त्या म्हणाल्या आणि भांडी आवरायला उठल्या.

अशा मुलांसाठी "किती" हा आकडा कुणीतरी ठरवावाच लागतो. एकात्मिक बालविकास सेवा योजना २ ऑक्टोबर १९७५ ला सुरू झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्याने तीन ते सहा वर्षांच्या मुलांसाठी अंगणवाडीत सकाळचा नाश्ता आणि गरम जेवण मिळून ५०० किलोकॅलरी आणि १२ ते १५ ग्रॅम प्रथिनं लिहून दिली. पहिली ते पाचवीच्या मध्यान्ह आहारासाठी ४५० किलोकॅलरी आणि १२ ग्रॅम प्रथिनं. तामिळनाडूने त्याच्याही पुढे जाऊन १५ सप्टेंबर २०२२ ला सरकारी प्राथमिक शाळांत सकाळची न्याहारी द्यायला सुरुवात केली आणि ऑगस्ट २०२३ मध्ये ती राज्यभर नेली. आपण गोवेकर स्वतःला सुखवस्तू समजतो. पण राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाप्रमाणे गोव्यात वयाच्या मानाने उंची खुंटलेली पाच वर्षांखालची मुलं २०१५-१६ मध्ये २०.१ टक्के होती, ती २०१९-२० मध्ये २५.८ टक्के झाली. दर चार मुलांमागे एक. आमच्या शिबिरातली ती मुलगी त्या आकड्यात आहे की नाही मी सांगू शकत नाही, पण तिची तिसरी वाटी मी वाढली आहे.

बायबलच्या निर्गम या पुस्तकात रानातल्या मान्न्याची गोष्ट आहे. रोज सकाळी अन्न जमिनीवर पडायचं आणि लोकांनी घरातल्या माणसांच्या मानाने ते गोळा करायचं. जास्त गोळा करणाऱ्याचं उरलं नाही, कमी गोळा करणाऱ्याला कमी पडलं नाही. उद्यासाठी ठेवलेल्याला किडे पडले. लहानपणी कातेकिझमात ही गोष्ट मला चमत्कार म्हणून सांगितली होती. आता वाचताना दिसतं ते तिच्यातलं माप. प्रत्येकाचं वेगळं, भुकेएवढं, आणि कुणालाही नाही म्हणून परत न पाठवणारं.

आमच्या घरी तोडगा आईने काढला. सातला अर्धी पोई आणि दूध, त्याला हवं तेवढंच, मोबाईल कपाटात. दहाच्या सुट्टीसाठी डब्यात घावणे आणि चून, नाहीतर उकडलेलं अंडं. पेज डब्यात जात नाही, पण तिची वेळ जाते. पहिल्या आठवड्यात डबा अर्धा परत आला आणि मांयने तो आम्हां सगळ्यांना उघडून दाखवला. तिसऱ्या आठवड्यात त्याने घरी येऊन सांगितलं की एक घावणा पुरत नाही. आता दोन जातात. बहीण अजून सव्वासातला फोन करते, फक्त विचारते, "काय खाल्लं?" आणि तो स्वतः सांगतो. मांयला अजून पूर्ण पटलेलं नाही. उरलेली पोई ती उचलून ठेवते आणि आपल्या चहाबरोबर खाते. भाच्याचं वजन पुढच्या महिन्यात करायचं आहे. ते वाढलेलं असेल असं मी आज लिहू शकत नाही.

आपल्यातले बरेच जण बीएड करतील, कुणी अंगणवाडीच्या कामात जातील, आणि बहुतेकांच्या घरात आज ना उद्या एक लहान मूल ताटासमोर बसलेलं असेल. ते "पोट भरलें" म्हणालं, तर त्याच्यावर विश्वास ठेवा. आणि कधी सकाळी मोकळे असाल तर गावच्या अंगणवाडीत खाण्याच्या वेळेला जा. पहिली वाटी सगळ्यांना मिळतेच. दुसरी मागणाऱ्याचा हात पुढे येईल तेव्हा टोपात खिचडी उरली आहे का, तेवढं बघून या.