दार वाजवून आत या!

वीकेंडला पुण्यात काय करायचं? मिसळ, सिंहगड, एफसी रोडवर शॉपिंग... ते तर नेहमीचंच! या वेळी जरा हटके प्लॅन करा. सचिन कुंडलकरची 'कोबाल्ट ब्ल्यू' बॅगेत टाका आणि सदाशिव-नारायण पेठेतल्या गल्ल्यांत निवांत भटका. 'पेइंग गेस्ट', 'कॉट बेसिस' अशा पाट्या दिसतीलच. तशाच एका पेइंग गेस्टची ही गोष्ट.

मौजेनं २००६ मध्ये काढलेली ही छोटीशी कादंबरी. पुण्यातलं मध्यमवर्गीय घर. तिथे राहायला आलेल्या मुलाच्या प्रेमात तनय पडतो. आणि त्याची बहीण अनुजाही! एक दिवस तो अनुजाला घेऊन निघून जातो. अख्खं घर हादरतं, पण ते अनुजासाठी. तनयचंही काही हरवलंय, हे कोणाच्या गावीही नाही. रडायलासुद्धा कारण सांगावं लागतं ना आपल्याकडे! २०२२ च्या सिनेमानं ही गोष्ट फोर्ट कोचीला नेली. तो पाहिला असेल, तरी पुस्तक पुण्यातच वाचा.

जरा लांब जायची तयारी आहे? मग चला कोलंबोला. संध्याकाळी गॉल फेसवर, समुद्राच्या वाऱ्यात श्याम सेल्वादुराईची 'फनी बॉय' उघडा. १९९४ ची ही इंग्रजी कादंबरी. रविवारी आजी-आजोबांकडे सगळी भावंडं जमतात. घरापुढे मुलांचं क्रिकेट, मागच्या अंगणात मुलींची लुटुपुटूची लग्नं. सात वर्षांच्या अर्जीला मागच्या अंगणात नवरी व्हायचंय. मोठ्यांना ते कळतं आणि त्याची रवानगी थेट क्रिकेटमध्ये! पुढे तो वयात येतो, शाळेतल्या मित्राच्या प्रेमात पडतो. तेवढ्यात जुलै १९८३ ची तमिळविरोधी दंगल पेटते. आधी अंगण गेलेलं, आता घरही जातं.

आपल्याकडे ६ सप्टेंबर २०१८ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानं समलिंगी संबंध गुन्हा उरले नाहीत. पण कोर्टाचा निकाल घरातल्या प्रत्येक खोलीपर्यंत पोचतोच असं नाही. तिथे पुस्तक पोचतं.

तेव्हा ट्रिपहून आलात की एक करा. घरात कोणी सतरा-अठराचं असेल, तर ही पुस्तकं त्याच्या नाहीतर तिच्या टेबलावर ठेवून द्या. 'का गं? का रे?' अजिबात नको.

आणि हो, खोलीत शिरण्याआधी दार वाजवा!