एक स्वेटर, दोन उन्हाळे

ऑगस्ट महिना. दुपारचे दोन. समोर पॅसिफिक महासागर. आणि बीचवर उभी मी... आत दोन टी-शर्ट, त्यावर ताईचा स्वेटर, त्यावर जिजूंचं जॅकेट आणि डोक्यावर भाच्याची माकडटोपी! 'वेलकम टू कॅलिफोर्निया,' म्हणत जिजू मनसोक्त हसले.

माझ्या बॅगेत काय होतं माहितेय? सात कॉटनचे कुर्ते, सनस्क्रीनची मोठी बाटली आणि खास घेतलेला गॉगल. कॅलिफोर्निया म्हणजे ऊन, हा फंडा आपल्या डोक्यात सिनेमांनी पक्का बसवलाय. पण तो लॉस एंजेलिसचा. सॅन फ्रान्सिस्कोत जुलै-ऑगस्टमध्ये दिवसाचं कमाल तापमान सरासरी 20 अंशांच्या आसपास असतं, रात्री 13. इथल्या टुरिस्ट एरियात सगळ्यात जास्त काय विकायला ठेवलेलं दिसतं? शहराचं नाव छापलेले लोकरी जॅकेट्स. माझ्यासारखे बकरे रोज येत असणार. मीसुद्धा एक निळा स्वेटर घेतलाच. हा स्वेटर लक्षात ठेवा, तो पुढे परत येणार आहे.

तर, मी नुसती फिरायला गेले नव्हते. जिजूंना ह्यूस्टनमधून ऑफर आलीये. पैशांचं गणित पाच मिनिटांत सुटलं. टेक्ससमध्ये राज्याचा इन्कम टॅक्स नाही आणि सॅन फ्रान्सिस्कोतल्या दोन खोल्यांच्या भाड्यात तिकडे अंगणासकट घर मिळतं. गाडी अडली ती हवेपाशी. म्हणजे खरं तर आईपाशी.

बाबा गेल्यापासून मुलुंडच्या घरात आई आणि मी, दोघीच. मागच्या वर्षी मे महिन्यात आई सहा महिन्यांसाठी म्हणून ताईकडे गेली आणि सात आठवड्यांत परत आली. गुडघे इतके आखडले की जिना उतरवेना. रोज सकाळी पडदा उघडायची, बाहेर पांढरं धुकं बघायची आणि बंद करायची. 'मला एकदा सूर्य दाखवा आणि मग काय ते बोला,' हे तिचं तेव्हाचं वाक्य घरात अजून गाजतंय. ह्यूस्टन म्हणजे डिट्टो मुंबई, असं कोणीतरी ताईला सांगितलं. मग फ्रीलान्सर म्हणजे रिकामटेकडी, या घरगुती न्यायाने पाहणीला माझी रवानगी झाली. तिकीट ताईने काढलं, त्यामुळे मी फार वाद घातला नाही.

आणि एक गोष्ट आधीच सांगून टाकते. मी या प्रकरणात न्यूट्रल नाही. दिल्लीतल्या एका कामाला मी दोनदा नाही म्हटलंय, आई एकटी राहील म्हणून. ह्यूस्टनला आईचं जमलं, तर मी मोकळी. हे असं लिहिताना बरं नाही वाटत, पण आहे ते आहे.

आता हे धुकं येतं कुठून? उन्हाळ्यात या किनाऱ्यावर वायव्येचे वारे वाहतात. त्यांच्यामुळे आणि पृथ्वीच्या फिरण्यामुळे वरचं पाणी किनाऱ्यापासून लांब ढकललं जातं आणि खालचं थंडगार पाणी वर येतं. ऐन उन्हाळ्यातही समुद्र 12-14 अंशांवर! मी घोट्यापर्यंत पाय बुडवले आणि किंचाळत बाहेर आले. या गार पाण्यावरून जाणारी ओलसर हवा थिजते आणि धुकं होतं. तिकडे डोंगरांपलीकडच्या खोऱ्यात, सॅक्रामेंटोच्या बाजूला, पारा 35 च्या वर. तिथली हवा तापून वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरची हवा गोल्डन गेटच्या फटीतून आत घुसते. म्हणजे तिकडे जितकं भाजेल, तितकं इकडे कुडकुडायचं. इथल्या लोकांनी या धुक्याचं नावसुद्धा ठेवलंय. कार्ल! घरातल्या हट्टी काकांबद्दल बोलावं तसं सगळे त्याच्याबद्दल बोलतात.

पण कार्ल सगळ्यांकडे सारखा जात नाही. ताईचं घर सनसेट भागात. नावच तेवढं सनसेट, सूर्य मावळताना दिसेल तर शपथ. तिथून ट्रॅम आणि बस करून मिशन भागात गेले, तर लख्ख ऊन! पोरं गवतावर उघडी लोळतायत, आइस्क्रीमला रांग. मधल्या टेकड्या धुकं अडवतात, एवढीच गंमत. एकाच शहरात, तेही अर्ध्या तासावर, दोन ऋतू. आईला त्या सात आठवड्यांत कोणी इथे का आणलं नाही, असं मी ताईला विचारलं. 'माझं ऑफिस, ह्याचं ऑफिस...' ती म्हणाली. मीही पुढे ताणलं नाही.

हे शहर नेहमीच गार असतं असंही समजू नका. 1 सप्टेंबर 2017 ला इथे 41 अंशांचा विक्रम झाला आणि कित्येक घरांत एसीच नसल्याने लोकांची दाणादाण उडाली. सप्टेंबर 2020 मध्ये वणव्यांच्या धुराने भर सकाळी अख्खं आकाश नारिंगी झालं होतं. ताई तो फोटो अजून मोबाइलमधून काढत नाही.

मग ताईला घेऊन ह्यूस्टन. चार तासांच्या आसपास फ्लाइट. एअरपोर्टच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं आणि चष्मा पांढरा! काही दिसेना. पण वास ओळखीचा होता. ओल्या गवताचा, तापलेल्या डांबराचा, आत्ताच पाऊस पडून गेल्याचा. मी वेड्यासारखी खूश झाले. पाच मिनिटांनी कुर्ता पाठीला चिकटला, तेव्हा जरा भानावर आले.

इथे एक गोष्ट मला नव्याने कळली. दोन्ही शहरांत पहाटेची आर्द्रता 85-90 टक्क्यांना जाऊन भिडते. मग एकीकडे स्वेटर आणि दुसरीकडे घामाच्या धारा, असं का? कारण टक्क्यांचा हा आकडा फसवा आहे. गार हवेत मुळात बाष्प मावतंच कमी. 30 अंशांच्या हवेत 13 अंशांच्या हवेपेक्षा अडीचपटीहून जास्त पाणी मावतं. खरा हिशेब दवबिंदूचा. ऑगस्टमध्ये सॅन फ्रान्सिस्कोत तो साधारण 12-13 अंशांवर असतो, ह्यूस्टनमध्ये 23-24 वर. आपल्या मुंबईच्या पावसाळ्याच्या अगदी जवळ. मेक्सिकोच्या आखाताचं पाणी ऑगस्टमध्ये 30 अंशांपर्यंत तापलेलं असतं आणि दक्षिणेचा वारा ती वाफ थेट शहरात आणून सोडतो. घाम वाळत नाही, रात्र गार होत नाही. पहाटे पाचला बाहेर पडले, तरी 25 अंश!

1836 मध्ये ॲलन बंधूंनी हे शहर वसवलं, तेव्हा पेपरात जाहिरात केली होती की, इथे आरोग्य उत्तम आणि समुद्राचा ताजा वारा. समुद्र इथून 80 किलोमीटरवर! 1839 मध्ये यलो फिव्हरची साथ आली. बिल्डर लोकांचं हे तेव्हापासूनचंच आहे तर.

जिजूंच्या मित्राकडे उतरलो होतो. तिथल्या वहिनींच्या अंगणात कढीपत्ता माझ्या खांद्यापर्यंत आलेला. ताईकडे कुंडीत चार पानं, तीही रुसलेली. मी आईला पाठवायला फोटो काढत होते, तेवढ्यात वहिनी म्हणाल्या, 'हा दुसरा गं. पहिला 2021 च्या फेब्रुवारीत गेला. उणे दहाच्या आसपास गेलं होतं, लाइट नाहीत, पाणी नाही.' म्हणजे डिट्टो मुंबई वगैरे काही नाही. मुंबईत कढीपत्ता थंडीने मरत नाही. आणि जुलै 2024 च्या बेरिल वादळात 20 लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, तेव्हा यांच्या घरी सहा दिवस एसी नव्हता. वहिनींच्या सासूबाई तेव्हा इथेच होत्या. त्यांना गाडीत एसी लावून बसवत होते. इथे घर बघायला गेलं की पहिला प्रश्न बाथरूम किती हा नसतो. 2017 च्या हार्वी वादळात पाणी कुठपर्यंत आलं होतं, हे आधी विचारतात.

तो निळा स्वेटर आठवतोय? सॅन फ्रान्सिस्कोपेक्षा मी तो ह्यूस्टनमध्ये जास्त वापरला. मॉल, ऑफिस, थिएटर, सगळीकडे एसी असा की दात वाजावेत. डाउनटाउनमध्ये जमिनीखाली दहा किलोमीटरच्या आसपास बोगदे आहेत. नोकरदार लोक लंचला त्यातूनच जातात, वरचं ऊन बघायची गरजच नाही. जिजूंचं होणारं ऑफिस बघायला गेलो, तेव्हा पार्किंगपासून लिफ्टपर्यंत आम्हाला आकाश दिसलं नाही. आणि मला तेव्हा एकदम आईचा बंद पडदा आठवला.

शेवटच्या रात्री नऊला अंगणातून आईला फोन लावला. तिच्याकडे सकाळचे साडेसात. स्पीकरवर मी आणि ताई. मी कढीपत्त्यापासून सुरुवात केली, उकाडा अगदी आपल्यासारखा, मोगरासुद्धा येतो वगैरे. आईने सगळं ऐकून घेतलं.

'भाजी कुठे मिळते?'

'गाडीने पंधरा मिनिटं. हिलक्रॉफ्टला सगळं मिळतं, अळूची पानंपण.'

'चालत?'

चालत काहीच नाही, हे मला सांगावं लागलं. फुटपाथ आहे, पण दुपारी त्यावर पाय ठेवून दाखवावा.

'तिकडे बरं होतं,' आई म्हणाली. 'कोपऱ्यावर ती चिनी बाई. मला कोथिंबीर निवडू द्यायची. थंडी नसती तर मी रोज गेले असते.' मग जरा थांबून, 'तिकडे ऊन कधीच नसतं का गं?'

'असतं ना,' ताई म्हणाली. 'सप्टेंबर, ऑक्टोबर. तेव्हा मस्त असतं.'

'मग मला मे महिन्यात कशाला बोलावलंत?'

ताईने माझ्याकडे बघितलं. मी अळूच्या पानांबद्दल काहीतरी पुटपुटले.

आईचं ऑक्टोबरचं तिकीट काढलंय. आधी सॅन फ्रान्सिस्को, मग पंधरा दिवस वहिनींकडे ह्यूस्टन. जिजूंनी उत्तरासाठी नोव्हेंबरपर्यंतची मुदत मागून घेतलीये. निळा स्वेटर मी आईच्या बॅगेत भरून ठेवलाय आणि दिल्लीच्या मेलला उत्तर म्हणून 'डिसेंबरमध्ये कळवलं तर चालेल का' एवढंच टाइप केलंय. अजून सेंड केलेलं नाही.