कठीण उदाहरण कोणतें?

ज्यांत आंकडे मोठे तें उदाहरण कठीण, हा घरोघरचा समज आम्हांस मान्य नाहीं. वसईस शिकवितांना आम्ही मुलांस विचारीत असूं: ६० ला कोणत्या वर्गानें गुणून एक मिळविल्यास पूर्ण वर्ग येईल? ४ च्या, ३१ चा वर्ग येतो. ६२ ला ८ चा वर्ग पुरतो. मधल्या ६१ ला मात्र लहानांत लहान संख्या २२,६१,५३,९८० लागते! एकेक संख्या लावून पाहण्यांत जन्म सरेल. भास्कराचार्यांनीं बाराव्या शतकांत चक्रवाल रीतीनें तें थोडक्यांत सोडविलें. १६५७ सालीं फर्मा यांनीं फ्रान्सांत तोच प्रश्न इतरांस घातला. काठिण्य आंकड्यांत नसून रीत ठाऊक नसण्यांत आहे. तेव्हां मूल अडलें असतां त्यास मठ्ठ म्हणण्यापूर्वीं वडील मंडळींनीं स्वतःस विचारावें, त्यास रीत दाखविली आहे काय?