पाठीमागची अक्षरे

आमच्या घरी आजीच्या तरुणपणाचे एकच छायाचित्र होते. दोन इंच रुंद, तीन इंच उंच. लग्नाच्या दिवशी चर्चच्या पायऱ्यांवर वऱ्हाडासह उभी असलेली आजी. पाठीमागे आजोबांनी शिसपेन्सिलीने सर्वांची नावे लिहिली होती. २०१७ साली घरात स्कॅनर आला आणि एका दुपारी आम्ही सारी पेटी उरकली. वेळ वाचावा म्हणून इंचाला १५० ठिपके, कागदपत्रांसाठीचा कृष्णधवल पर्याय आणि केवळ पुढची बाजू!

जुलै २०१८ च्या अतिवृष्टीत वसईतील घराघरांत पाणी शिरले. आमच्या पेटीतील छायाचित्रे एकमेकांस चिकटून गेली. आम्ही मात्र निश्चिंत होतो. संगणकात सारे होतेच.

आजीच्या वर्षदिनाच्या मिस्सासाठी ते छायाचित्र आठ बाय बारा इंचांचे करावयास घेतले, तेव्हा आमची चूक आमच्यापुढे उभी राहिली. मूळच्या १५० ठिपक्यांतून इंचामागे जेमतेम ३७ ठिपके वाट्याला आले. त्यातच त्या पर्यायात प्रत्येक ठिपका एकतर काळा, नाहीतर पांढरा. मधल्या करड्या छटांना थाराच नाही. आजीच्या चेहऱ्याचा नुसता डाग झाला होता.

तेव्हापासून आम्ही घाई सोडली आहे. दाखले, दस्तऐवज आणि पत्रे इंचाला ३०० ठिपक्यांनी घेतो, आणि तीही रंगीत. कारण फिकट शाई नि शिक्क्याचा जांभळा रंग कृष्णधवल पर्यायात हरवतो. छायाचित्राचा हिशेब सोपा आहे: जितके पट मोठे करावयाचे, तितक्या पटीने ३००. दुपटीसाठी ६००, चौपटीसाठी १२००. जुने कृष्णधवल छायाचित्रही रंगीतच घेतो. काळाने चढवलेली पिवळसर छटा हाही त्याच्या चरित्राचा भाग आहे. मूळ प्रत टिफ स्वरूपात ठेवतो. जेपेग जागा कमी घेते, पण फेरफार करून पुन्हा पुन्हा साठवले की दर वेळी थोडे गमावते. म्हणून ती नातलगांना पाठवण्यापुरती. काच आधी पुसतो, कडा कापत नाही आणि पाठ कोरी दिसली तरी पाठही घेतो. एक प्रत घराबाहेर, मुलीकडे असते.

हे शहाणपण आजीच्या छायाचित्राच्या मोलाने आले. त्या पायऱ्यांवर नऊ माणसे होती. आमच्या वृद्ध आत्याने त्या डागांतून, उभे राहण्याच्या ढबीवरून, सात जणांची नावे सांगितली. दोघींपाशी ती थबकली आणि म्हणाली, "मागे लिहिलं होतं ना रे?"

वाचकहो, आपल्या घरची पेटी या रविवारी मिस्सानंतर उघडा. आधी छायाचित्र उलटे करा. आणि नावे सांगणारे कुणी घरात असेल, तर त्यांना शेजारी बसवून घ्या.