बातमीच्या आधीचं ताट

पाळी चुकते, पट्टीवर दोन रेघा उमटतात आणि घरातल्या सगळ्यांना अचानक आठवतं की सुनेनं नीट जेवायला हवं. तोवर उशीर झालेला असतो. बाळाचा मेंदू आणि मज्जारज्जू ज्या नळीपासून घडतात, ती गर्भधारणेनंतर २८ दिवसांत मिटते. बातमी कळून, डॉक्टरची वेळ घेऊन, दवाखान्यात नंबर लागेपर्यंत ते काम उरकलेलं असतं. फॉलिक अ‍ॅसिडची ४०० मायक्रोग्रॅमची रोजची गोळी निदान एक महिना आधी सुरू करायची ती यासाठी. ज्यांना आधी मज्जारज्जूचा दोष असलेलं बाळ झालं आहे, त्यांना याहून मोठा डोस लागतो, आणि तो डॉक्टरनेच ठरवायचा. अशाच स्त्रियांवर झालेल्या ब्रिटिश चाचणीत फॉलिकमुळे पुन्हा तसं बाळ होण्याचा धोका जवळजवळ तीन चतुर्थांशाने कमी झाला. तिचे निष्कर्ष १९९१ साली प्रसिद्ध झाले.

*

फॉलिकची गोष्ट आपल्या मुंबईतलीच आहे. १९२८ साली ल्युसी विल्स ही इंग्रज डॉक्टर इथे आली. कापडगिरण्यांत राबणाऱ्या गरोदर बायकांना एक जीवघेणा पंडुरोग होत असे. त्या काय खातात हे तिने पाहिलं. सर्वांत गरीब घरांत, जिथे भाजी, फळं आणि प्रथिनं सगळ्यांत कमी होती, तिथे आजार सगळ्यांत जास्त होता. यीस्टचा स्वस्त अर्क दिल्यावर बायका सुधारल्या. त्या अर्कातला गुणकारी घटक पुढे १९४१ मध्ये पालकाच्या पानांतून वेगळा काढला गेला. आज केमिस्टकडे चिल्लर मोजून मिळणाऱ्या गोळीमागे गिरणगावातल्या त्या बायका आहेत. त्यांची नावं कुठे नोंदलेली नाहीत याचं मला वाईट वाटतं.

*

दुसरा मोठा प्रयोगही मुंबईचाच. २००६ ते २०१२ या काळात झोपडपट्ट्यांतल्या साडेसहा हजारांवर विवाहित स्त्रियांना, दिवस राहण्याच्या आधीपासून, रोज एक खाऊ दिला गेला. निम्म्या जणींच्या खाऊत पालेभाजी, फळ आणि दूध होतं. उरलेल्यांच्या खाऊत बटाटा-कांद्यासारखं कमी पोषणाचं. कॅप्सूल किंवा पावडर नव्हती, खाण्याचाच पदार्थ होता.

सगळ्यांचा एकत्र हिशेब केला तर बाळांच्या वजनात ठोस फरक दिसला नाही. पण ज्यांनी गर्भधारणेच्या तीन महिने आधीपासून खाल्लं, त्यांची बाळं सरासरी ४८ ग्रॅमने जड निघाली. फार बारीक अंगाच्या बायकांना मात्र हा लाभ झाला नाही. नुसत्या एका खाऊने त्यांची वर्षानुवर्षांची उपासमार कशी भरून निघणार? मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो साखरेचा आकडा. तपासणी झालेल्यांत गरोदरपणातला मधुमेह साध्या खाऊच्या गटात १२.४ टक्के, तर पालेभाजी-फळ-दुधाच्या गटात ७.३ टक्के. एका मुठीएवढ्या खाऊचा हा परिणाम आहे.

*

आमच्या भाईंदरच्या जेसल पार्कात गुजराती, मारवाडी, जैन घरं पुष्कळ. कित्येक घरांत अंडंही येत नाही. अशा घरातली मुलगी ‘आम्ही आता चान्स घेतोय’ म्हणाली की मी पहिलं विचारते, बी-१२ तपासलंस का? पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांतल्या आया आणि त्यांची मुलं यांचा अभ्यास केला. सुमारे दोन तृतीयांश आयांचं बी-१२ कमी होतं. ज्यांचं बी-१२ कमी पण फॉलेट (म्हणजे फॉलिकच) भरपूर, त्यांच्या मुलांत सहाव्या वर्षी इन्सुलिनला दाद न देण्याचं प्रमाण सर्वांत जास्त आढळलं. म्हणजे नुसती फॉलिकची गोळी घेऊन निर्धास्त होऊ नये. बी-१२ भाजीत नसतं. रोज दूध, दही, ताक हवं. तरीही कमी भरलं तर डॉक्टरला विचारून गोळी घ्यावी.

पर्युषणात आणि तिथीला हिरवी भाजी वर्ज्य असते. श्रद्धा मोडायला कुणी सांगू नये, गरजही नाही. मूग, हरभरा, चवळी यांत फॉलेट भरपूर असतं. त्या दिवसांत वाटीभर डाळ-उसळ वाढवली की झालं.

*

मासे खाणाऱ्यांचं सोपं. उत्तनकडचे मांदेली, बोंबील स्वस्त आणि उत्तम. मोरीसारखा मोठा शिकारी मासा या काळात टाळावा, त्यात पारा साठतो.

*

मूल व्हावं म्हणून सोमवार, चतुर्थी धरणाऱ्या बायका मला जवळच्या वाटतात. त्यांची आस खरी असते. फक्त दिवसभर साबुदाण्यावर राहू नये, तो निव्वळ पिष्ट आहे. राजगिऱ्याचा लाडू, दूध, शेंगदाणे, एखादं फळ असं खाल्लं तर उपासही होतो आणि अंगी काही लागतंही.

*

भाईंदरहून सकाळची लोकल पकडणारी बाई चहा-खारीवर घराबाहेर पडते. आदल्या रात्री सगळ्यांना वाढून झाल्यावर भाजी उरली असेल तर तिच्या वाट्याला आलेली असते. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. जेवणाबरोबरचा चहा अन्नातलं लोह अंगी लागू देत नाही. तो तास-दीड तास पुढे ढकलावा. माठाच्या भाजीवर, मोडाच्या मटकीवर लिंबू पिळावं. आणि भाजी तिच्या ताटात आधी पडावी. हे शेवटचं काम घरातल्या इतरांनी करायचं आहे.

*

खाडीकाठच्या भाईंदरला मिठागरं नवी नाहीत. पण हल्ली सैंधव मिठाचं वेड आलंय. त्यात आयोडीन घातलेलं नसतं, आणि बाळाच्या मेंदूला अगदी सुरुवातीपासून आयोडीन लागतं. साधं आयोडीनयुक्त मीठच वापरावं. थायरॉइडची तपासणीही आधीच करून घ्यावी.

*

अन्नाने बंद गर्भनलिका उघडत नाही. दिवस राहत नसतील, तर वय पस्तिशीच्या आत असताना वर्षभर, पस्तिशीपुढे सहा महिने वाट पाहून डॉक्टरांकडे जावं, आणि दोघांनी जावं. पाळी अनियमित असेल तर तेवढंही थांबू नये. पीसीओएस असलेल्या, वजन जास्त असलेल्या मुलींमध्ये पाच ते दहा टक्के वजन उतरल्यावर पाळी पुष्कळदा रुळावर येते. पण त्यासाठी उपाशी राहणं हा मार्ग नव्हे.

*

पुरुषाचं बीज तयार व्हायला साधारण अडीच महिने लागतात. तंबाखू, गुटखा, दारू यांचा त्यावर परिणाम होतो. तरी पथ्य सांगितलं जातं ते फक्त तिला, औषधं तिला, नातेवाइकांचे प्रश्नही तिलाच. ती ज्या दिवशी फॉलिकची गोळी सुरू करेल, त्याच दिवशी त्याची पुडी बंद झाली पाहिजे.